हिमकणाचा जन्म



शून्य अंश सेल्सिअसला पाण्याचे बर्फ होते, हे विधान शाळेतील विज्ञानाच्या पहिल्या पुस्तकापासून सर्वांच्या परिचयाचे आहे. मेघांत मात्र ते सहसा खरे ठरत नाही. भारतात पावसाळ्यातही जमिनीपासून सुमारे पाच-साडेपाच किलोमीटर उंचीवर तापमान शून्याखाली उतरते. तरीही तेथील असंख्य सूक्ष्म जलबिंदू द्रवरूपच राहतात. अशा पाण्याला ‘अतिशीत जल’ म्हणतात. शुद्ध पाण्याचे बिंदू उणे ३८ अंशांच्या आसपासपर्यंत न गोठता टिकू शकतात.

याचे कारण असे की, गोठणे म्हणजे नुसते थंड होणे नव्हे. पाण्याच्या रेणूंनी षट्कोनी जाळीत शिस्तीने बसणे होय. बिंदूतील काही रेणू अशी रचना क्षणभर मांडतात, पण ती लगेच मोडते. तिला टिकण्यास एखाद्या घन कणाचा आधार लागतो. हा आधार देणारा कण म्हणजे हिमकेंद्रक. वाळवंटातून उडालेल्या धुळीतील फेल्डस्पारसारखी खनिजे हे काम करतात. वनस्पतींच्या पानांवर वाढणारा ‘स्यूडोमोनास सिरिंजी’ हा जीवाणू तर शून्याखाली दोन-तीन अंशांवरच पाणी गोठवू शकतो. परंतु असे कण विरळ असतात. उणे २० अंशांच्या मेघात लिटरभर हवेत जलबिंदू लाखाच्या घरात असले, तरी हिमकेंद्रक बहुधा एखादाच सापडतो.

तो एखादा पुरेसा कसा होतो? बर्फाच्या पृष्ठभागावरून रेणू पाण्याच्या मानाने कमी निसटतात. त्यामुळे उणे १५ अंशांना जी हवा जलबिंदूंसाठी जेमतेम संपृक्त असते, तीच हिमकणासाठी सुमारे १५ टक्के अतिसंपृक्त ठरते. हिमकण हवेतील बाष्प ओढून घेतो, हवा कोरडी पडू लागते आणि ती उणीव भरून काढताना भोवतालचे जलबिंदू आटत जातात. ही कल्पना आल्फ्रेड वेगेनर यांनी १९११ साली मांडली होती. १९२२ साली ऑस्लोजवळच्या टेकडीवर राहत असताना स्वीडिश शास्त्रज्ञ टोर बर्जेरॉन यांना सूचिपर्णी झाडांमधील वाटेवर तिचे प्रत्यंतर दिसले. हवा शून्याच्या वर असली की धुके वाटेवर उतरे. कडाक्याची थंडी पडली की झाडांवरचा हिमथर बाष्प शोषून घेई आणि वाट मोकळी राही. पावसाच्या उत्पत्तीचा विचार त्यांनी पुढे याच निरीक्षणावर उभारला.

वाढलेला हिमकण जड होऊन खाली येऊ लागतो. वाटेत अतिशीत बिंदू त्याला आदळून गोठतात, इतर हिमकण चिकटतात. उष्ण थरात तो वितळतो आणि जमिनीवर थेंब होऊन पडतो. मेघबिंदूचा व्यास मिलिमीटरचा पन्नासावा भाग मानला, तर दोन मिलिमीटरच्या थेंबात असे दहा लाख बिंदू मावतात. वर चढणारा वारा प्रबळ असेल, तर गोठता गोठता त्याचीच गार होते. अर्थात सर्वच पाऊस असा पडत नाही. कमी उंचीच्या उष्ण मेघांत बिंदू एकमेकांत मिसळूनही थेंब तयार होतात.

हे ज्ञान केवळ कुतूहलापुरते नाही. १९४६ साली अमेरिकेत व्हिन्सेंट शेफर यांनी शीतपेटीतील अतिशीत धुक्यात शुष्क बर्फ टाकून हिमकण निर्माण केले. त्याच वर्षी बर्नार्ड व्हॉनेगट यांनी बर्फाशी मिळतीजुळती स्फटिकरचना असलेले सिल्व्हर आयोडाइड त्याच कामी येते, हे ओळखले. तेव्हापासून कृत्रिम पावसाची आशा जगभर पसरली. मराठवाड्यातही २०१५ आणि २०१९ साली विमानांतून मेघबीजनाचे प्रयोग झाले. पुण्याची भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्था २००९ पासून मेघांत विमाने पाठवून या विषयाचा पद्धतशीर अभ्यास करीत आली आहे.

या आशेची मर्यादा हिमकणाच्या जन्मकथेतच आहे. केंद्रक पाणी निर्माण करीत नाही. मेघात आधीच असलेल्या पाण्याला तो केवळ गोठण्याची वाट देतो. म्हणून करपणाऱ्या पिकाकडे पाहत विमानाची प्रतीक्षा करणाऱ्या गावाने पहिला प्रश्न विमानाविषयी नव्हे, आकाशाविषयी विचारायला हवा: माथ्यावर पाणी धरून असलेला मेघ आहे काय? तो नसेल, तर कोणतीही भुकटी पाऊस पाडू शकत नाही. आणि पडलेल्या पावसाचे पाणी अडवणे, जिरवणे हे काम विमान आले तरी गावालाच करावे लागते.