सांगणाऱ्याच्या हातात काय असतं?



मुलुंडसारख्या मध्य रेल्वेवरच्या गावात रविवारी जनसंपर्काची परिषद ठेवणं हे धाडसाचंच काम. माटुंगा ते मुलुंड जलद मार्गावर मेगाब्लॉक असला की रेल्वेच्या जनसंपर्क विभागाचं पत्रक आधीच हातात येतं. ब्लॉक किती ते किती, कोणत्या जलद गाड्या धीम्या मार्गावर वळवल्या, त्या शीव, कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंडला थांबणार आणि साधारण किती मिनिटं उशिरा पोहोचणार, सगळं त्यात असतं. भाषा रुक्ष, वर्षानुवर्षं तीच. आपल्यातल्या एखाद्या उत्साही तरुणाला ते पत्रक सजवावंसं वाटेल. कृपा करून सजवू नका. त्रास किती आणि कोणाला होणार, हे आधीच आणि आकड्यांत सांगणारं याहून चांगलं पत्रक आपल्या शहरात मला तरी माहीत नाही.

पण सोमवारी सकाळी सिग्नल बिघडला, की कारण आधी डब्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतं आणि घोषणा मागाहून येते. कधी येतच नाही. विभाग तोच, माणसंही तीच. मेगाब्लॉकचा तपशील अभियंत्यांनी आधी ठरवून जनसंपर्क विभागाला दिलेला असतो. बिघाडाच्या वेळी मात्र जनसंपर्क अधिकारी स्वतःच माहितीसाठी फोन फिरवत असतो. संस्थेच्या आत त्याला कोण, किती लवकर आणि किती खरं सांगतं, यावर बाहेर त्याचं तोंड किती उघडणार हे ठरतं. आज मला एवढंच मांडायचं आहे.

बोरीबंदर ते ठाणे ही देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, ती याच मार्गाने. ती चालवणाऱ्या जीआयपी रेल्वेच्या प्रसिद्धी विभागाने १९२०च्या दशकात फिरता सिनेमा काढला आणि जत्रा-मेळ्यांत उघड्यावर खेळ दाखवून लोकांना प्रवासाची गोडी लावली. आपल्या देशातल्या जनसंपर्काचा इतिहास सांगताना हे उदाहरण हटकून येतं. कल्पना झकासच होती. पण पडदा रेल्वेचा आणि प्रेक्षक समोर बसलेले. आपल्यापैकी पुष्कळ जण अजून तो पडदाच घेऊन फिरत आहेत, हे मी जरा खेदाने म्हणतो.

इथून ठाण्याकडे निघालं की कॅडबरी जंक्शन लागतं. ऑक्टोबर २००३ मध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाला मुंबईतल्या कॅडबरी चॉकलेटांत अळ्या सापडल्या. दुकानदारांनी माल नीट साठवला नसेल, असा कंपनीचा पहिला खुलासा होता. वेष्टनाची जबाबदारी कोणाची, असा उलट सवाल प्रशासनाने केला. पुढे ‘विश्वास’ नावाचा कार्यक्रम आला, जानेवारी २००४ मध्ये वेष्टन बदललं, अमिताभ बच्चन जाहिरातीत आले. अभ्यासक्रमात ही गोष्ट बच्चन यांच्यापाशी संपते. मला पहिला खुलासा जास्त बोलका वाटतो. चिडलेलं गिऱ्हाईक कंपनीच्या दारात जात नाही, ते गल्लीतल्या दुकानदारापुढे उभं राहतं. कंपनीच्या वतीने रोज बोलणारा माणूस तोच, आणि बोट नेमकं त्याच्याकडे दाखवलं गेलं. तो आपला माणूस आहे, असं बैठकीत कोणी म्हणालं असतं, तर तो खुलासा तसा निघाला असता का? विश्वास कार्यक्रमात कंपनीला शेवटी दुकानदारांकडेच जावं लागलं.

आता या मुलुंडचंच उदाहरण घेऊ. महापालिकेच्या भाषेत आपण ‘टी’ वॉर्ड. २०२० मध्ये कोविडच्या पहिल्या महिन्यांत तपासणीचा अहवाल थेट रुग्णाच्या हाती पडे आणि घरातली माणसं खाट शोधत इस्पितळं पालथी घालत. मग महापालिकेने क्रम उलटा केला. प्रयोगशाळांनी अहवाल महापालिकेला द्यायचे, त्यांची वॉर्डनिहाय विभागणी व्हायची आणि चोवीस वॉर्डांतल्या ‘वॉर रूम’मधून रुग्णाच्या घरी फोन जायचा. खाटांचं वाटप तिथूनच होई. मुलुंडमध्ये रिचर्डसन अँड क्रुडासच्या जागेवर जम्बो केंद्र उभं राहिलं होतं. सरकारी कचेरी आपण होऊन नागरिकाला फोन करते, हे आपल्याकडे किती नवलाचं होतं ते आठवून बघा. त्या फोनला किंमत होती ती आवाज गोड असल्यामुळे नव्हे. बोलणाऱ्यापुढे खाटांची यादी होती आणि त्यातली एक द्यायची सोय होती, म्हणून.

एप्रिल २०२१मध्ये दुसऱ्या लाटेत खाटाच अपुऱ्या पडल्या आणि याच फोनांबद्दलच्या तक्रारी वाढल्या. त्यात फोनवरच्या माणसांचा दोष मी धरत नाही. देण्यासारखं काही नसताना रोज शेकडो घरांशी बोलणं काय असतं, हे आपल्या प्रशिक्षणवर्गांत कोणी शिकवत नाही. शिकवायला हवं. ‘खाट नाही, पण दोन तासांनी मी पुन्हा फोन करतो’ असं म्हणायला आणि तो फोन खरोखर करायला माणसं लागतात, पाळ्या लागतात, पैसा लागतो.

म्हणून नोकरीवर रुजू होताना पगाराबरोबर आणखी दोन गोष्टी मागून घ्या, असं मी तरुणांना सांगेन. निर्णयाच्या बैठकीत खुर्ची, आणि लोकांच्या तक्रारी न गाळता थेट वरिष्ठांपुढे ठेवायची मुभा. दोन्ही मिळणार नसतील तर निदान पदनाम तरी ‘प्रसिद्धी अधिकारी’ असं घ्या, म्हणजे कोणाची फसवणूक व्हायची नाही. संस्थाचालकही आज समोर बसले आहेत. त्यांना हे बोचलं असेल तर दुपारच्या सत्रात उठून तसं सांगावं; त्या सत्रात भाषणं कमी आणि प्रश्नोत्तरं जास्त ठेवायला मी संयोजकांना सांगितलं आहे.