खोली भाड्याने देताना



वर्धापनदिनानिमित्त मी दोन शब्द बोलावेत, असे चिटणीसबाईंनी सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. कायद्याचे पुस्तक मी वाचलेले नाही. पण ठेच लागली, की शहाणपण येते. तेवढेच सांगते.

आपल्या मुखेडात पुष्कळ घरी एखादी खोली भाड्याने दिलेली असते. खेड्यांतून मुलांच्या शाळेसाठी कुटुंबे येतात, मास्तर येतात. ते भाडे म्हणजे आपल्या हातचा पैसा.

आमच्या मागच्या खोलीत असेच एक कुटुंब आले. भाडे ३००० रुपये, अनामत १०,००० रुपये, सारे तोंडी. विजेचे बिल कोणी भरायचे, हे बोलण्यातच आले नाही. सहाव्या महिन्यात त्यावरून खटके उडाले, भाडे थकले. रागाच्या भरात मी त्यांच्या नळाची चावी बंद केली. दोन दिवस ती बाई कडेवर मूल घेऊन शेजारून कळशीने पाणी आणीत होती. मला एक शब्द बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मीच चावी सोडली. पुढे एका वकिलांनी सांगितले, की सबळ कारण नसता भाडेकरूचे पाणी किंवा वीज तोडण्यास कायद्याने मनाई आहे. थकलेल्या भाड्याला वाट कोर्टाची, नळाची नव्हे.

ते कुटुंब गेले, तेव्हा त्यांची अनामत मी खर्चून बसले होते. भावाकडून उसने आणून दिले. अनामत ही ठेव आहे, मिळकत नव्हे. ती पोस्टात वेगळी ठेवावी.

पूर्वी मराठवाड्यात हैदराबादचा १९५४ चा घरभाड्याचा कायदा होता. त्याच्या जागी ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला. त्याप्रमाणे करार लेखी हवा आणि त्याची नोंदणी हवी. ती जबाबदारी घरमालकाची. कागद नसेल, तर भाडेकरू सांगेल त्याच अटी धरल्या जातात. त्या खोट्या ठरवणे आपल्याकडे. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नोंदणी फी नगरपरिषदेच्या हद्दीत १००० रुपये. भांडणापुढे ही रक्कम काहीच नाही.

करारात भाडे, अनामत, मुदत, वीज, पाणी आणि दुरुस्ती, सारे लिहावे. भाडे घेताच पावती द्यावी. तीही कायद्याने बंधनकारक आहे. घरपट्टीची पावती जपून ठेवावी. प्राप्तिकर भरावा लागत असेल, तर भाड्यातून आपण भरलेली घरपट्टी वजा होते आणि उरलेल्या रकमेवर दुरुस्तीपोटी शेकडा ३० सूट मिळते.

भगिनींनो, कागद केला म्हणजे विश्वास नाही, असे मला पूर्वी वाटे. आता वाटते, तो कागद असता, तर त्या बाईला कळशी उचलावी लागली नसती. इतके सांगून मी आपली रजा घेते.