कागदाचे कैवारी, फुकटचे वाचक



सकाळपासून देवगाव रंगारीच्या या संमेलनाच्या मांडवात मोबाईलला यथेच्छ शिव्या घालून झाल्या. पोरं बिघडली, वाचन मेलं, ग्रंथ बुडाले. अध्यक्षानेही तीच री ओढावी अशी अपेक्षा असेल, तर अध्यक्ष निवडताना तुमची चूक झाली.

मला सांगा, या गावात कथासंग्रह विकत घ्यायचा तर जायचं कुठे? गाईडं मिळतील, वह्या मिळतील. कथासंग्रहासाठी संभाजीनगरला औरंगपुरा गाठायचा आणि पुस्तकाइतकंच भाडं घालवायचं. ज्या वाचनसंस्कृतीसाठी आपण गळा काढतोय, ती कन्नड तालुक्याच्या एसटी थांब्यावर कधी उतरली होती? पुस्तक इथवर पोचलं ते मोबाईलवरूनच. डिसेंबर 2016 मध्ये ॲमेझॉनच्या किंडलवर मराठी पुस्तकं आली. ई-पुस्तकं देणारे बुकगंगा आणि ई-साहित्य प्रतिष्ठान तर त्याआधीपासून होते. आज रात्रीच्या विजेवर पाणी भरणारा पोरगा बांधावर बसून कादंबरी ऐकतो. त्याला वाचक म्हणायचं का, यावर खुशाल परिसंवाद घ्या. श्रावणात पोथी ऐकणाऱ्या आपल्या आज्यांना ज्ञानेश्वरी कळली नाही, असं म्हणायची हिंमत आहे का कुणाची?

मग पुस्तकाचा गळा घोटतंय कोण? इथेच बसलेत. ‘पीडीएफ आहे, पाठवू का?’ म्हणत चोरीची प्रत गटागटांवर ढकलणारे बहुतेक आपल्यातलेच आहेत. मास्तर, कवी आणि स्वतःला ग्रंथप्रेमी म्हणवणारे! 1957 च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम 63 नुसार जाणूनबुजून केलेल्या अशा चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. फुकटच वाटायचं असेल तर साने गुरुजी वाटा. गुरुजी 1950 साली गेले, साठ वर्षांची मुदत 2010 अखेर संपली. ‘श्यामची आई’ आता सगळ्यांची आहे. पण नाही! आपल्याला हवी असते गेल्या महिन्यात आलेली कादंबरी, जिचा लेखक अजून मानधनाची वाट पाहतोय.

प्रकाशकांनो, टाळ्या वाजवू नका. पूर्वी हजार प्रतींखाली आवृत्ती काढणं परवडत नसे, आता डिजिटल छपाईत शंभरही निघतात. या सोयीचं तुमच्यातल्या काहींनी काय केलं? कवीकडूनच पैसे घेतले आणि त्या शंभर प्रती त्याच्याच घरी टाकल्या. वर करारात ई-पुस्तकाचे, ऑडिओचे हक्क कायमचे लिहून घेतले. फाईल मागावी तर ती जुन्या फॉन्टमधली. दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांचा चिवडा. युनिकोडमध्ये नसलेला मजकूर नेटवर शोधून सापडत नाही, म्हणजे नव्या वाचकाच्या लेखी ते पुस्तक नाहीच. गंगाधर पानतावण्यांनी औरंगाबादेतून ‘अस्मितादर्श’ चालवला, दलित लेखकांच्या पिढ्या उभ्या केल्या. त्याचा प्रत्येक जुना अंक रीतसर परवानगीने या गावातल्या फोनवर उघडला पाहिजे. ते काम आपण कधी हाती घेणार? की नुसते सत्कारच करत बसणार?

पडद्याचा भक्त मीही नाही. जुलै 2009 मध्ये ॲमेझॉनने ऑर्वेलची ‘1984’ ही कादंबरी विकत घेतलेल्यांच्या किंडलवरून परस्पर पुसून टाकली. हक्कांचा घोळ होता, पैसे परत मिळाले, पण पुस्तक गेलं. कंपनीच्या कपाटातलं पुस्तक आपलं नसतं. म्हणून गावाला वाचनालय हवंच, आणि ते 1967 च्या ग्रंथालय कायद्याच्या काळातच अडकलेलं नको. सरकारी अनुदानातून वाचनालयाला ई-पुस्तकांचे परवाने घेता आले पाहिजेत आणि सभासदाला ती पुस्तकं घरबसल्या मिळाली पाहिजेत. आजच्या ठरावांत हा ठराव नसेल, तर बाकीच्यांवर मी सही करणार नाही.

लेखकांनो, पुढच्या करारात ई-हक्कांना मुदत घाला आणि युनिकोड फाईल हातात पडल्याशिवाय सही करू नका. आणि वाचकहो, मांडवाबाहेर पडण्याआधी फोनमधली चोरीची पुस्तकं पुसून टाका. त्यातलं निदान एक तरी या महिन्यात विकत घ्या.