पेनिसिलिनच्या गावाशेजारी

पुण्याहून लोकलनं निघालं की कासारवाडीच्या पुढचं स्टेशन पिंपरी. तिथल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये १९५५ साली पेनिसिलिन तयार होऊ लागलं.

पेनिसिलिनसारखी प्रतिजैविकं कोंबड्यांच्या खाद्यातही शिरली. आजार नसताना, वजन लवकर भरावं म्हणून! अशा तुटपुंज्या मात्रेनं लेचेपेचे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि फोफावतात.

खाद्यात शिरलेल्यांपैकीच कोलिस्टिन हे माणसाच्या गंभीर संसर्गातलं शेवटच्या फळीचं औषध. जंतूंना त्याला दाद न देण्याची ताकद देणारं, एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाणारं एमसीआर-१ जनुक आढळल्याचं २०१५ साली चीनमधून जाहीर झालं. डुकरांतल्या जंतूंतही ते होतं. भारतानं जुलै २०१९ मध्ये खाण्यासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली, उशिरा का होईना.

चिकन नीट शिजलं की असे चिवट जंतूही मरतात. पण कच्चं चिकन कापलेल्या, न धुतलेल्या सुरीनं कोशिंबिरीची काकडी चिरली, तर ते थेट ताटात येतात.