ट्रकच्या चाकांना टिकाऊ रंग

कोकणातल्या रस्त्यांवर धावणाऱ्या ट्रकची चाकं पावसाळ्यानंतर नीट तपासा. खारी हवा, चिखल आणि उडणारी खडी यांचा मारा सोसून रिमच्या कडेला आणि नटांभोवती गंज धरलेला दिसेल.

लोखंडी चाकांसाठी मुख्य पर्याय तीन. क्रोम चकाकतं, पण त्याचा टवका उडाला की गंज आतून पसरतो आणि पापुद्रे सुटतात. साधा एनॅमल रंग स्वस्त. खरवडला तर गॅरेजमध्येच हात मारता येतो, मात्र लवकर उडतो. रोजच्या मालवाहतुकीसाठी पावडर कोटिंग उत्तम. यात विद्युतभारित कोरडी पावडर धातूला चिकटते आणि साधारण 180 ते 200 अंश सेल्सिअसला भट्टीत वितळून तिचा एकसंध, चिवट थर बनतो.

कोटिंग टिकतं ते पूर्वतयारीवर. टायर आणि व्हॉल्व्ह काढून चाक ब्लास्टिंगने, म्हणजे खरखरीत कणांच्या जोरदार माऱ्याने, पार धातूपर्यंत साफ करा. मग जस्तयुक्त प्रायमर आणि त्यावर पावडर.

एक गोष्ट जिवाशी निगडित आहे. नट बसतात ती जागा आणि हबला टेकणारा भाग यांवर जाड थर नको. दाबाखाली तो थर दबतो आणि नट सैल पडतात. म्हणून चाक बसवल्यावर 50 ते 100 किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळा.

आणि साफ केलेल्या चाकाला तडा दिसला, तर त्यावर रंग चढवू नका. ते चाक थेट भंगारात काढा.