बाबांचे डोळे आणि अडीच मिलिमीटर

आज दुर्बिणीबद्दल बोलू, पण आधी माझा एक मूर्खपणा सांगतो.

आमच्या गावामागे एक बंद दगडखाण आहे. तिच्या कड्यावर शृंगी घुबडांची जोडी राहते. डिसेंबरात बाबांना दाखवायला नेलं. दिवेलागणीला एक घुबड बाहेर येऊन बसलं. माझी दुर्बीण 10×25, खिशात मावणारी. मला त्याची शिंगं जेमतेम कळली. बाबांनी जरा वेळ डोळे लावले आणि दुर्बीण परत दिली. "राहू दे रे, माझे डोळेच गेले आता."

ते वाक्य काही डोक्यातून जाईना. रात्री गणित मांडलं. 10 म्हणजे दहा पट मोठं दिसणार, 25 म्हणजे पुढच्या काचेचा व्यास, मिलिमीटरमध्ये. 25 भागिले 10, अडीच. डोळ्यात शिरणारा प्रकाशाचा झोत एवढाच जाड. भर उन्हात हे पुरतं, कारण बाहुलीच तेवढी आकसलेली असते. अंधारात मात्र ती विशीत 7 मिलिमीटरपर्यंत उघडते, साठीत साधारण 5. म्हणजे बाबांची बाहुली 5 उघडलेली आणि मी देत होतो अडीच. क्षेत्रफळ वर्गाने बदलतं, म्हणजे उजेड पाव हिस्सा! डोळ्यांचा काय दोष?

मग 8×42 घेतली. झोत सव्वापाच. 7×50 चा झोत 7 च्या वर जातो, पण तो बाबांच्या बाहुलीत मावणारच नाही, आणि वजन किलोच्या आसपास. 10×50 ला झोत पाचचा, पण दहा पटीला हातही जास्त हलतो.

दुकानात एवढं करा: दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे करा. आयपीसमधला उजळ ठिपका गोल हवा. कडा चौकोनी कापल्यासारख्या दिसल्या तर प्रिझम हलकं. लालभडक चमकणाऱ्या काचा घेऊच नका, त्या उजेड परत फेकतात. चष्मा असेल तर आय रिलीफ 15 मिलिमीटरच्या वर बघा. आणि जमलं तर संध्याकाळीच जा. ट्यूबलाइटखाली सगळ्याच छान दिसतात.

गेल्या रविवारी परत खाणीवर गेलो. सूर्य मावळून दहा मिनिटं झालेली. बाबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "अरे, डोळे नारिंगी आहेत त्याचे!"

दुर्बीण अजून त्यांच्याकडेच आहे.