फोन बॅगेत ठेवा

(रायपूर येथील विद्यार्थी बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



“फोन बॅगेत ठेवा” हा वर्गातला नियम सगळ्यांना सारखाच लागू होतो, म्हणून तो न्यायाचा वाटतो. मला लहानपणापासून कमी दिसतं. पहिल्या बाकावरूनही फळा धूसरच. मी फोनने फळ्याचा फोटो काढते, मोठा करून वाचते. फोन बॅगेत गेला की माझ्यापुरता फळा पुसला जातो.

एम.ए.ला असताना एका सरांनी पहिल्याच तासाला हा नियम सांगितला आणि वर म्हणाले, “कुणाला काही प्रॉब्लेम असेल तर हात वर करा, सर्टिफिकेट दाखवा.” अख्खा वर्ग वळून बघायला लागला. हे वळून बघणं आपल्या ओळखीचं आहे. स्कॉलरशिपची यादी वर्गात मोठ्याने वाचली जायची, नाव आलं की उभं राहायचं, आणि मधल्या सुट्टीत कोण कुणाशेजारी बसणार हे त्या यादीवर ठरायचं. त्या भीतीने फॉर्मच न भरलेली मुलं तुमच्याही वर्गात असतील. सवलत मिळते, पण आधी सगळ्यांसमोर शिक्का मारून घ्यावा लागतो. आपल्यातल्या अपंग मुलीला तो दोनदा मारून घ्यावा लागतो. २०११च्या जनगणनेत एकूण लोकसंख्येत अपंग २.२१ टक्के होते, अनुसूचित जातींत २.४५ टक्के. म्हणजे हा प्रश्न आपल्या वस्तीतलाच आहे.

आता कायदा बघू. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना पुस्तकं आणि सहाय्यक साधनं मोफत द्यायची आहेत, पण वयाच्या १८व्या वर्षापर्यंत. कॉलेजचं दार उघडतं त्याच सुमाराला हा हक्क संपतो. मग उरतो तो घरचा फोन. गंमत बघा, २०१८ साली याच राज्याच्या सरकारने संचार क्रांती योजनेत महिलांना आणि कॉलेजच्या विद्यार्थ्यांना मोफत स्मार्टफोन वाटले. एकीकडे हातात फोन द्यायचा, दुसरीकडे वर्गात तो काढू द्यायचा नाही!

सर्टिफिकेटचंही तसंच. विकास कुमार यांना ४० टक्क्यांची अट पुढे करून यूपीएससीने लेखनिक नाकारला होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लेखनिकासाठी ती अट घालता येणार नाही, आणि वाजवी सोय करून देणं हे कर्तव्य आहे. हा निकाल छापून जवळ ठेवा.

नुसता फोन हातात असूनही भागत नाही. इथे नोट्स अजून कृतिदेवमध्ये टाइप होतात. त्या फॉन्टमध्ये पडद्यावर ‘भारत’ दिसतं, पण आत असतात इंग्रजी अक्षरं. त्यामुळे एनव्हीडीए हा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर ते ‘एच, के, के, जे, आर’ असं वाचतो. न दिसणाऱ्या विद्यार्थ्याने राज्यघटनेवरचं प्रकरण असं ऐकायचं? युनिकोडमध्ये टाइप करायला एक पैसाही जास्त लागत नाही.

मुलं रील बघतात, ही प्राध्यापकांची तक्रार खोटी नाही. पण “अपंगांना परवानगी, बाकीच्यांना बंदी” हा तोडगा मला मान्य नाही. तसं केलं की ज्याच्या हातात फोन तो अपंग, हे दारातूनच कळतं. फोन-लॅपटॉप सगळ्यांनाच वापरू द्या. रील बघणाऱ्याला सर टोकू शकतातच. एखाद्या तासाला बंदी हवीच असेल, तर कार्यालयाने सत्राच्या सुरुवातीला प्राध्यापकांना गुपचूप पत्र द्यावं. त्यात आजाराचं नाव नको, टक्केवारी नको, फक्त ‘साधन वापरू द्यावे’ एवढंच.

या मागण्यांचं निवेदन मी लिहून आणलंय. मागे टेबलावर ठेवलंय. सहीसमोर अपंगत्वाचा रकाना ठेवलेला नाही आणि जातीचाही नाही, तेव्हा सही सगळ्यांनी करा. सोमवारी ते प्राचार्यांकडे द्यायचं आहे, माझ्याबरोबर दोघंतिघं लागतील.